रायफलला ब्रेक बसवला, त्याची गोष्ट

चाप ओढला, खटका पडला, पण बार झालाच नाही. तरीही नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं, उजवा खांदा पुढं झेपावला आणि माझे डोळे घट्ट मिटले. शेजारच्या काकांनी माझ्या नकळत चेंबरमध्ये नकली काडतूस घातलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. बोल्ट मागं ओढून त्यांनी ते काडतूस तळहातावर घेतलं, मला दाखवलं, आणि मला पुन्हा पलीकडं तोंड करायला लावून रायफल भरली. असं पाच वेळा केलं. पाचांपैकी तीन काडतुसं नकली निघाली आणि तिन्ही वेळा मी दचकलो.

नेम चुकतो कुठं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोवर मी दुर्बिणीला दोष देत होतो, काडतुसांची पेटी बदलून बघत होतो. खरा बार होतो तेव्हा दणक्यात सगळं झाकलं जातं, त्यामुळं आपण आधीच दचकलो होतो हे स्वतःला दिसत नाही.

मी मूळचा देवळाली कॅम्पचा. वडील तोफखान्यात होते. नोकरीच्या निमित्तानं अमेरिकेत आलो आणि गेली बरीच वर्षं कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सजवळ राहतो. आपल्याकडं १९७२च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, आणि ते योग्यच झालं. इथं परिस्थिती वेगळी आहे. एल्क हे सांबराच्या जातकुळीतलं, पण त्याहून मोठं जनावर. त्यांची संख्या कोलोरॅडोत अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे. दर वर्षी किती परवाने द्यायचे, नराचे किती, मादीचे किती, हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मीही केला. मारलेल्या जनावराचं मांस वाया घालवलं तर तो गुन्हा ठरतो. आमच्या घरी वर्षभर तेच मटण असतं, आणि नाशिकच्या काळ्या मसाल्यात ते उत्तम लागतं.

शेजारचे काका सत्तरी ओलांडलेले. इथल्या रीतीप्रमाणं मी त्यांना नावानंच हाक मारतो, पण मनात ते काकाच आहेत. शिकारीतलं मला जे येतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं. एकच गोष्ट मी त्यांचं न ऐकता केली, ती म्हणजे रायफलची निवड. एल्कचा नर सव्वातीनशे किलोचा असतो, तेव्हा गोळीही तशीच दणकट हवी, असं मला वाटलं. कायद्यानं ६ मिलिमीटर व्यासाची गोळीही एल्कला चालते. काका स्वतः जन्मभर .३०-०६ वापरत आले. १९०६ सालचं ते काडतूस. मी मात्र .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतली, म्हणजे त्याहून जास्त दारूच्या काडतुसाची, तीही हलक्या बांधणीची, डोंगर चढताना ओझं नको म्हणून. दुर्बिणीसकट सगळी मिळून साडेआठ पाउंड, म्हणजे चार किलोही नाही. हलकी बंदूक वाहायला जितकी सोपी, तितकीच मारायला कठीण, हे साधं गणित त्या वेळी डोक्यात आलं नाही.

पहिल्याच दिवशी दुर्बिणीची कडा भुवईवर आपटली आणि अर्ध्या चंद्रासारखी जखम झाली. तिचा व्रण अजून आहे. तेव्हापासून माझं शरीर त्या दणक्याला घाबरायला लागलं असणार.

हे सगळं नेमबाजीच्या मैदानापुरतं राहिलं असतं तर मी इतकं मनावर घेतलं नसतं. पण पहिल्या हंगामात माझ्याकडं मादीचा परवाना होता. दीडशे यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली, वारा नव्हता, टेकायला ओंडका होता. मी चाप ओढला आणि गोळी खाली, पुढच्या पायाला लागली. ती लंगडत झाडीत शिरली. बर्फावरचे रक्ताचे थेंब शोधत आम्ही चार तास तिच्या मागं होतो. शेवटी ती एका ओढ्याच्या काठी बसलेली सापडली. तिनं मान वळवून आमच्याकडं पाहिलं. दुसरी गोळी मी दहा पावलांवरून मारली. ते चार तास तिचे कसे गेले असतील, हा विचार त्या हिवाळ्यात रोज रात्री येत होता. काकांनी नकली काडतुसं काढली ती त्यानंतरच.

उपाय बरेच होते. दस्त्याला जाड रबर लावता आलं असतं, दस्त्यात वजन भरता आलं असतं, सौम्य भरणीची काडतुसं घेता आली असती. काकांचं मत एकच होतं: ही रायफल विक आणि लहान काडतुसाची घे. आज विचाराल तर मीही बहुतेकांना हेच सांगेन. पण तेव्हा त्या रायफलीत माझा जीव अडकला होता. आणि माझ्या डोळ्यासमोर लहानपणापासून पाहिलेली एक गोष्ट होती.

देवळालीत वडिलांच्या १३० मिलिमीटरच्या तोफेच्या तोंडावर भोकाभोकांची एक जाड टोपी असायची. मिरपुडीच्या डबीचं झाकण लावल्यासारखी. मी सहा-सात वर्षांचा असताना विचारलं होतं, "बाबा, तोफेला नाक कशाला?" ते म्हणाले होते, "ते नाक नाही, ब्रेक आहे. तोफ मागं पळू नये म्हणून." तोफेला लागणारा ब्रेक तिच्या तोंडावर असतो, हे मला तेव्हा फार अद्भुत वाटलं होतं. पुढं बोफोर्सच्या तोंडावरही तसलीच भोकं पाहिली.

तीच गोष्ट रायफलीसाठी मिळते. तिला मझल ब्रेक म्हणतात. बसवण्याआधी तिचं गणित मी नीट समजून घेतलं, कारण न समजता कुठलीही वस्तू यंत्राला लावणं माझ्या स्वभावात नाही. माझ्या काडतुसातली गोळी १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. तिच्यामागं साधारण ७० ग्रेन दारू. गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या वेगानं सुटते. दणका फक्त गोळीमुळं बसतो असं मी धरून चाललो होतो. पण जळलेली दारू कुठं नाहीशी होत नाही. तेवढ्याच वजनाचा वायू होऊन ती गोळीच्या मागोमाग बाहेर पडते, आणि गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेगानं. माझ्या रायफलीच्या एकूण धक्क्यात एक तृतीयांशाहून जास्त वाटा या वायूचा निघाला. गोळीच्या वाट्याला हात लावता येत नाही, तिला पुढं जायलाच हवं. वायूला पुढं जायची काही गरज नसते. ब्रेक तेवढंच करतो. गोळी मधल्या भोकातून निघून जाते, मागून आलेला वायू आतल्या पोलादी भिंतींवर आदळून दोन्ही बाजूंच्या खिडक्यांमधून बाहेर फेकला जातो. भिंतींवर आदळताना तो रायफलीला पुढं ओढतो. खांद्याकडं येणारा धक्का तितका कमी होतो.

आकड्यांत सांगतो. धक्क्याची ऊर्जा इथं फूट-पाउंडांत मोजतात. बिनब्रेकच्या माझ्या रायफलीचा धक्का हिशेबानं २८ फूट-पाउंडांच्या जवळपास येत होता. त्याच वजनाच्या .३०-०६चा २०-२१ येतो. चांगला ब्रेक यातला तीस ते पन्नास टक्के भाग खातो, म्हणजे मॅग्नमचा दणका .३०-०६च्याही खाली जातो. मला एवढंच हवं होतं.

ब्रेकचे प्रकार बरेच. काहींना चारी बाजूंनी गोल भोकं असतात. ते मी टाळले, कारण जमिनीवर पालथं पडून मारताना खालच्या भोकांतून निघालेला वायू धूळ आणि बर्फ उडवतो आणि समोरचं काही दिसेनासं होतं. मी घेतला तो फक्त दोन्ही बाजूंना खिडक्या असलेला, तीन कप्प्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा लांब. खिडक्या किंचित मागच्या दिशेला कलत्या होत्या. त्या कलाचा अर्थ मी तेव्हा फक्त खांद्याच्या बाजूनं लावला.

माझ्या नळीला आटे नव्हते, ते पाडून घ्यावे लागणार होते. तासाभराच्या अंतरावर एक म्हातारा गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर, आहे, त्याच्याकडं सहा आठवड्यांची रांग होती. नंबर लागला तेव्हा मी रजा काढून गेलो आणि त्याच्या परवानगीनं लेथशेजारी उभा राहिलो. डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये मी आटे पाडले होते, पण हे काम पाहून हात जोडावेसे वाटले. मला वाटत होतं की नळी चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरायची आणि टूल लावायचं. तो म्हणाला, "नळीची बाहेरची गोलाई आणि आतलं भोक एकाच मध्यावर असतं असं समजू नकोस." त्यानं नळीच्या भोकात एक घट्ट बसणारी सळई घातली, तिच्यावर डायल टेकवला आणि चक हातानं सावकाश फिरवायला सुरुवात केली. काटा इकडून तिकडं हलला. एक स्क्रू किंचित सैल, समोरचा किंचित घट्ट, पुन्हा फेरा. पुन्हा काटा. हे अर्धा तास चाललं. शेवटी नळी फिरत होती आणि काटा जागचा हलत नव्हता. आटे पाडायला त्याहून कमी वेळ लागला. पाच अष्टमांश इंच व्यास, इंचाला २४ आटे, हे या मापाच्या नळीला सर्रास चालणारं माप. आटे संपतात तिथला खांदा त्यानं काटकोनात घेतला, नळीचं तोंड पुन्हा नव्यानं घडवलं आणि मगच ब्रेक फिरवून बघितला.

इतका आटापिटा कशासाठी, तर गोळी आणि ब्रेकच्या भोकामध्ये चारी बाजूंनी जेमतेम पाव मिलिमीटर जागा असते. आटे तिरके पडले तर गोळी आतल्या भिंतीला घासते. घासली तर नेम जातो, आणि जोरात लागली तर ब्रेकच फुटून उडू शकतो. घरी साधी डाय लावून आटे पाडणारे लोक आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की करू नका. पुढचं काम खिडक्या बरोबर आडव्या आणण्याचं. ब्रेक पूर्ण आवळला तेव्हा त्या तिरक्या थांबल्या होत्या. त्यानं कागदासारखे पातळ वॉशर एकेक बदलत त्या आडव्या आणल्या. सोबत आटे झाकणारी एक टोपीही दिली, ब्रेक काढला तर लावायला. मजुरी आणि ब्रेक मिळून साडेतीनशे डॉलरच्या आत खर्च आला.

पहिला बार काढला तेव्हा मला हसू आवरेना. दुर्बिणीतून गोळी कागदावर लागलेली दिसली! आधी दणक्यानं दुर्बीण आभाळाकडं जायची, आता लक्ष्य काचेतून हललंच नाही. नेम मात्र सरकला होता. शंभर यार्डांवर गोळ्या पूर्वीपेक्षा दोन इंच खाली पडत होत्या. नळीच्या टोकाला वजन आलं की ती थरथरते वेगळी, त्यामुळं दुर्बीण नव्यानं जुळवावीच लागते. ब्रेक लावून जुळवलेली रायफल ब्रेक काढून तशीच मारता येत नाही. महिन्याभरात काकांनी पुन्हा नकली काडतुसांचा खेळ केला. पाचांपैकी पाचही वेळा नळी जागच्या जागी राहिली. तो दिवस माझ्यासाठी मोठा होता.

पण त्याच मैदानावर दुसरी गोष्ट घडत होती, तिच्याकडं मी पुरेसं लक्ष दिलं नाही. डाव्या हाताच्या टेबलावरच्या माणसाची काडतुसांची रिकामी पेटी माझ्या तिसऱ्या बाराला उडून खाली पडली. तो माझ्याकडं पाहून काही न बोलता चार टेबलं पलीकडं जाऊन बसला. मैदानाच्या अधिकाऱ्यानं मला नम्रपणे अगदी टोकाचं टेबल दिलं. वर पत्रा, बाजूला काँक्रीटची भिंत. दोन्ही कानांत बोळे आणि वर कान झाकणारे मफ लावूनही प्रत्येक बार छातीत जाणवत होता.

हिशेब इथंही साधा आहे. साध्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या वर असतो. १४०च्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करायला पुरतो. ब्रेकमुळं मारणाऱ्याच्या कानापाशी त्यात आणखी पाच ते दहा डेसिबलची भर पडते. डेसिबलमध्ये तीनची भर म्हणजे आवाजाची ताकद दुप्पट. जो वायू पुढं निघून जायचा, तो आता बाजूला आणि मागं येतो, आणि आवाज त्याच्याबरोबर येतो. खांद्यावरचा दणका नाहीसा होत नाही. त्यातला काही भाग शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाकडं जातो. हे मला कागदावर माहीत होतं.

दुसऱ्या हंगामात आम्ही फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत होतो. ऑक्टोबरचा मध्य, दहा हजार फुटांची उंची, पहाटे हाडं गोठवणारी थंडी. अंगावर नियमाप्रमाणं भगवा झगझगीत कोट आणि टोपी. काका माझ्या डाव्या हाताला, माझ्यापेक्षा किंचित पुढं, दुर्बीण लावून बसले होते. आमचे मफ पाठपिशवीत होते, कारण जंगलात ऐकू येणं महत्त्वाचं वाटतं आणि तासन् तास कान झाकून बसवत नाही. नर आला तो अगदी अचानक, दोनशे यार्डांवर, झाडीतून बाहेर. थांबला. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी चाप ओढला.

गोळी बरोबर खांद्यामागं लागली. नर तीस पावलं चालला आणि कोसळला. मला हवा होता तसा, त्याला वेदना कमीत कमी होतील असा बार होता तो. मी वळून पाहिलं तर काका डावीकडं कलंडले होते. उजवा कान दोन्ही हातांनी दाबून धरलेला, डोळ्यांतून पाणी. मी काहीतरी म्हणालो, पण माझं बोलणं मलाच ऐकू आलं नाही.

माझ्या कानातली शिटी तीन दिवसांनी थांबली. त्यांची थांबली नाही. कानाच्या तज्ज्ञानं तपासून सांगितलं की उजव्या कानाचे वरच्या पट्टीतले आवाज गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. "मफ मीही लावले नव्हते," एवढंच म्हणाले. पण ब्रेक माझा होता, चापावरचं बोट माझं होतं, आणि ते कुठं बसलेत हे मला माहीत होतं.

देवळालीला फोन केला. बाबांशी फोनवर आम्ही सगळे ओरडूनच बोलतो, माझ्या आठवणीत कायमच. त्यांचा डावा कान नोकरीतच गेला. लहानपणी वाटायचं की ते वयानं झालं असेल, पण तेव्हा ते चाळिशीतही नव्हते. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाले, "ब्रेकच्या बाजूला कधी उभं राहायचं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तुला मी सांगायला हवं होतं." ते असं म्हणाले याचं मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर काय केलं ते सांगतो. ब्रेक मी काढला नाही. काढला तर दचकणं परत येईल आणि त्याची किंमत पुन्हा कुठलंतरी जनावर मोजेल, ही भीती खरी आहे. त्याऐवजी आम्ही दोघांनी इलेक्ट्रॉनिक मफ घेतले. त्यात बारीक आवाज उलट मोठे ऐकू येतात आणि बार झाला की क्षणात बंद होतात. ते पाठपिशवीत ठेवायचे नाहीत, गळ्यातही नाहीत. गाडीतून उतरल्यापासून डोक्यावर. मैदानावर त्यांच्या आत बोळेसुद्धा. सोबतचा माणूस नेहमी माझ्या मागं, कधीही बाजूला नाही. आणि चाप ओढण्याआधी मी हळू आवाजात "कान" म्हणतो. त्याच्याकडून "कान" असं उत्तर आल्याशिवाय बोट चापावर जात नाही. हा एक मराठी शब्द काकांना अगदी स्वच्छ म्हणता येतो. या नियमापायी गेल्या वर्षी एक नर हातचा गेला, जाऊ दे.

आवाज कमी करणारा सप्रेसर त्याच आट्यांवर बसतो. तो धक्काही कमी करतो आणि आवाजही, आणि कोलोरॅडोत तो लावून शिकार करता येते. १९३४च्या कायद्यानं त्यावर २०० डॉलरचा कर होता, तो १ जानेवारी २०२६पासून शून्य झाला. नोंदणी मात्र अजून करावीच लागते. मी अर्ज भरला आहे. तो हातात आला की ब्रेक कपाटात जाईल. सप्रेसर आला तरी मफ डोक्यावरच राहतील.

काका अजून माझ्याबरोबर डोंगरात येतात. गेल्या हंगामाच्या आधी आम्ही जागा बघायला गेलो होतो. उजाडत होतं, आणि दूरवरून नराची ती लांबलचक शीळ आली. ही शीळ ऐकून जनावर कुठल्या घळीत आहे हे मला त्यांनीच ओळखायला शिकवलं होतं. आता एका कानानं त्यांना दिशा कळत नाही. त्यांनी मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, मग माझ्याकडं पाहून भुवया उंचावल्या. मी उत्तरेकडच्या उताराकडं बोट केलं.